रेफरीनं मॅच खाल्ली म्हणण्याआधी

आपल्याकडं परभणी असो, नांदेड असो, संभाजीनगरचं आमखास मैदान असो, फुटबॉलची मॅच संपली की हरलेल्या टीमकडून पहिलं वाक्य एकच ऐकू येतं, रेफरीनं खाल्ली. पोरं म्हणतात, पोरांचे मामा-काका म्हणतात, आणि वाईट याचं वाटतं की कधीकधी पीटीचे सर पण पोरांसमोर हेच म्हणतात. मी या विषयावर बरेच दिवस मित्रांशी भांडायलोय म्हणून आज सगळं एका जागी लिहितो. माझं मत सरळ आहे, रेफरी चुकतात, कधीकधी लई मोठं चुकतात, पण बहुतेक मॅच आपण आपल्या चुकांनीच हरतो, आणि दरवेळी रेफरीवर ढकलायची ही सवय आपल्या भागातल्या फुटबॉलला वाढू देत नाही.

आता यावर लगेच कोणीतरी कतारची मॅच काढणार, तर आपण तिथूनच सुरू करू. ११ जून २०२४, दोहा, वर्ल्ड कप क्वालिफायरच्या दुसऱ्या राउंडची शेवटची मॅच. ३७ व्या मिनिटाला छांगतेनं गोल मारला, भारत १-० नं पुढं. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोललाइनच्या बाजूनं बाहेर गेला, सगळ्या जगानं बघितलं, कतारच्या खेळाडूनं तो मागं ओढला आणि युसुफ आयमेननं जाळ्यात ढकलला. आपले खेळाडू हात वर करून रेफरीकडं बघायलेत, आणि रेफरीनं गोल दिला. व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची पद्धत) त्या राउंडला नव्हतं, त्यामुळं परत बघायची सोयच नव्हती. नंतर ८५ व्या मिनिटाला कतारनं दुसरा मारला आणि आपण २-१ नं हरलो, तिसऱ्या राउंडची संधी गेली. फेडरेशननं फिफाकडं तक्रार केली, चौकशी मागितली. ती करायलाच पाहिजे होती. तो गोल चुकीचा होता यात माझ्या मनात तिळभर शंका नाही, त्या रात्री मला पण झोप लागली नाही आणि आजही ती क्लिप समोर आली की राग येतो.

पण राग बाजूला ठेवून त्या ग्रुपचा हिशोब मांडून बघा. त्या राउंडला आपल्या सहा मॅच होत्या. कुवेतला त्यांच्या घरी १-० नं हरवलं, मनवीरचा गोल, मस्त जिंकलो. मग भुवनेश्वरला कतारकडून ०-३. मग अफगाणिस्तानसोबत ०-०. मग गुवाहाटीत, आपल्या घरी, आपल्या पब्लिकसमोर, कॅप्टन सुनील छेत्रीच्या १५० व्या मॅचला, पेनल्टीवर १-० पुढं जाऊन अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. मग कोलकात्यात कुवेतसोबत ०-०, जी छेत्रीची निरोपाची मॅच होती. आणि मग दोहा. सहा मॅचमध्ये एकूण तीन गोल, त्यातला एक पेनल्टीचा. म्हणजे चालू खेळातून आपण सहा मॅचमध्ये फक्त दोन गोल मारले. अफगाणिस्तानसोबतच्या दोन मॅचमधून सहा पॉइंट घ्यायचे होते, घेतला एक. गुवाहाटीची ती एक मॅच जरी जिंकली असती आणि कोलकात्यात कुवेतला हरवलं असतं तर दोह्याला जायच्या आधीच आपण पुढं गेलेलो असतो, मग तिथला रेफरी कितीही चुकला असता तरी आपल्याला काहीच फरक पडला नसता. आणि कतार तर आधीच क्वालिफाय झालेलं, त्यांनी नेहमीचे बरेच खेळाडू बसवून नव्या पोरांची टीम उतरवली होती. अशा टीमवर १-० ची लीड घेऊन आपण ७३ व्या मिनिटापर्यंत दुसरा गोल मारू शकलो नाही, आणि एक गोल बसल्यावर त्याच धक्क्यात दहा-बारा मिनिटांत दुसरा पण खाल्ला. तो दुसरा गोल कायदेशीर होता. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि पुढचं बघा. त्यानंतर आशियाई कप २०२७ ची क्वालिफिकेशन आली. बांगलादेशसोबत घरी ०-०, हाँगकाँगकडून शेवटच्या क्षणी पेनल्टीवर ०-१, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२, तेही परत छांगतेच्या गोलवर पुढं जाऊन. बाहेर. इथं कुठं दोह्यासारखा गोल होता? नव्हता. गोल मारायला माणूस नाही, लीड टिकवता येत नाही, हेच दोन रोग २०२४ ला होते आणि हेच २०२५ ला. मधल्या काळात आपण पब्लिक म्हणून काय करत होतो तर ती बाहेर गेलेल्या चेंडूची क्लिप फिरवत होतो. मला वाटतं त्या एका चुकीच्या निर्णयानं आपलं खरं नुकसान हे केलं, की सहा मॅचमध्ये तीन गोल का, हा प्रश्न आपण पुरेसा विचारलाच नाही.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र दमदार आहे आणि तो मी टाळणार नाही. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये ६४ मॅचमध्ये १७२ गोल झाले, म्हणजे एका मॅचला तीन पण नाहीत. क्रिकेटमध्ये अंपायरनं एक एलबीडब्ल्यू चुकीचा दिला तरी बाकीचे दहा जण रन काढू शकतात. इथं एक चुकीची पेनल्टी म्हणजे अर्धी मॅच गेली. त्यामुळं फुटबॉलच्या रेफरीची एक चूक बाकीच्या खेळांपेक्षा जड पडते हे खरंच आहे. पण मग हाच हिशोब आपल्याला पण लावा ना. गोल इतके कमी होत असतील तर तुमच्या फॉरवर्डनं गोलीसोबत एकटा असताना बाहेर मारलेला चेंडू पण तेवढाच जड. कॉर्नरला जो बॅक आपला माणूस सोडून चेंडूकडं बघत उभा राहिला, त्याची चूक पण तेवढीच जड. रेफरी मॅचला एखाद-दोनदा मोठं चुकतो, आपण तेवढ्याच वजनाच्या चुका कितीतरी करतो, फक्त त्या क्लिप होऊन फिरत नाहीत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सकडून २-१ नं हरला, आणि त्या मॅचमध्ये आपण दोन पेनल्टी घालवल्या. दोन. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले म्हणून ती मॅच आजही कौतुकानं सांगितली जाते, आणि कौतुक व्हायलाच पाहिजे, पण रेफरीनं दोनदा हातात दिलेला गोल आपणच सोडला हे पण त्याच मॅचमधलं आहे.

अर्जेंटिनाच्या मॅराडोनाचा हाताचा गोल तर सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका, वर्ल्ड कपची इंग्लंडविरुद्ध क्वार्टर फायनल. ट्युनिशियाचे अली बेनासुर रेफरी होते, त्यांना हात दिसला नाही, गोल दिला. इंग्लंडमध्ये आजही लोक त्यावर बोलतात. पण तो चेंडू मॅराडोनाच्या डोक्यावर आला कसा हे बघितलंय का? इंग्लंडच्याच स्टीव्ह हॉजनं क्लिअर करताना तो उलटा आपल्याच गोलीकडं उंच उडवला. पहिली चूक तिथं. त्यानंतर चारच मिनिटांत मॅराडोना स्वतःच्या हाफमधून निघाला आणि इंग्लंडची अख्खी मधली फळी आणि बॅक ओलांडून, गोलीला चकवून दुसरा गोल मारून मोकळा झाला, त्याला कोणी अडवलं नाही, कोणी साधा फाउल पण केला नाही. तो गोल कोणत्या रेफरीनं दिला? मग ७४ व्या मिनिटाला जॉन बार्न्सला उतरवलं, तो विंगवरून क्रॉस टाकायला लागला आणि खेळ एकदम बदलला, ८१ व्या मिनिटाला लिनेकरनं गोल केला आणि शेवटी बरोबरीचा पण अगदी थोडक्यात हुकला. बार्न्स आधी का नाही आला? २-० नं मागं पडल्यावर जवळपास वीस मिनिटं त्याला बाकावर का ठेवलं? माझ्या मते त्या मॅचचा इंग्लंडसाठी सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे, आणि हाताच्या गोलच्या गोंगाटात तो बाजूला राहून गेला.

२०१० च्या वर्ल्ड कपला इंग्लंडसोबत परत तसंच. जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा शॉट बारला लागून लाइनच्या चांगलाच आत पडला, रेफरीनं गोल दिला नाही. तेव्हा जर्मनी २-१ नं पुढं होतं, दिला असता तर २-२. अन्याय झाला, शंभर टक्के. पण मॅच संपली ४-१ नं. जर्मनीचा पहिला गोल कसा, तर गोली नॉयरनं गोलकिक मारली ती सरळ क्लोजाकडं, मधल्या मध्ये कोणाचा पाय नाही. वर्ल्ड कपच्या नॉकआउटला गोलकिकवर गोल खाता तुम्ही. तिसरा गोल इंग्लंडच्याच फ्रीकिकनंतर झालेल्या काउंटरवर, सगळे पुढं गेलेले आणि मागं मैदान मोकळं. लॅम्पार्डचा गोल दिला असता तरी ही मागची फळी तीच राहणार होती.

मग काय रेफरीमुळं कोणी हरतच नाही का? हरतात. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेन-दक्षिण कोरिया क्वार्टर फायनल बघा. एक्स्ट्रा टाइममध्ये मोरिएंतेसनं हेडरनं गोल केला, तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता म्हणजे तिथंच मॅच संपली असती, पण लाइनमननं सांगितलं क्रॉस टाकताना चेंडू बाहेर गेला होता, आणि तो गेलेला नव्हता. आधी पण त्यांचा एक गोल नाकारलेला. पेनल्टीवर स्पेन हरलं. तिथं मी स्पेनला काही बोलणार नाही, दोनदा चेंडू जाळ्यात टाकलेल्या टीमनं अजून काय करायचं. २०२३ ला टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅचला लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा योग्य गोल ऑफसाइड (पास देताना समोरच्या बॅकच्याही पुढं उभा) दिला, व्हीएआरमध्ये बसलेल्यांना तो योग्य आहे हे दिसलं सुद्धा, पण मैदानात गोल दिलाय असं समजून त्यांनी चेक कम्प्लिट म्हणून टाकलं आणि खेळ सुरू झाला. इंग्लंडच्या रेफरी संस्थेला चूक मान्य करावी लागली. म्हणजे कॅमेरे आले, टीव्ही आला, तरी माणूस चुकतोच. अशा मॅच आहेत, पण त्या लक्षात राहतात कारण त्या कमी आहेत. आपण आपल्या प्रत्येक हरलेल्या मॅचला स्पेनची मॅच समजतो, माझा वाद तिथं आहे.

केरळा ब्लास्टर्सचं आठवा. मार्च २०२३, बंगळुरूविरुद्ध त्यांच्याच घरी आयएसएलची (इंडियन सुपर लीग) नॉकआउट मॅच, एक्स्ट्रा टाइमचं ९६ वं मिनिट, केरळाची पोरं भिंत लावायच्या तयारीत, बंगळुरूच्या छेत्रीनं पटकन फ्रीकिक मारली, गोल. क्विक फ्रीकिक घेता येते हे नियमात आहे, वाद एवढाच होता की त्या वेळी रेफरीनं ती घेऊ द्यायला पाहिजे होती का. केरळाच्या कोचनं टीम मैदानाबाहेर काढली ती परत आलीच नाही. क्लबला ४ कोटींचा दंड झाला, कोचला दहा मॅचची बंदी. मला दंडापेक्षा जास्त सलतात ती २४ मिनिटं. एक गोलनं मागं, चोवीस मिनिटं शिल्लक, केरळाचे हजारो लोक टीव्हीसमोर, आणि टीम ड्रेसिंग रूममध्ये. रेफरीनं गोल दिला असेल, पण ती चोवीस मिनिटं केरळाकडून कोणी हिसकावली नव्हती, ती टीमनं स्वतःच्या हातानं सोडली.

आता आपल्या ग्राउंडवर येऊ. आपल्याकडं शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा वर चढत जातात आणि सगळा नॉकआउट, एक हरलं की वर्ष संपलं. त्यात मराठवाड्याचे संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग, आणि पुढं राज्याला गाठ कोल्हापूर, मुंबई, पुण्याच्या पोरांशी, जी लहानपणापासून फुटबॉल बघत वाढलेली. आपली पोरं काळ्या मातीच्या नाहीतर मुरमाच्या ग्राउंडवर, पावसात चिखल आणि उन्हात भेगा, तिथं शिकलेली. रेफरी बहुतेक वेळा दुसऱ्या शाळेचे सर असतात, लाइनमन म्हणून पुढच्या मॅचची दोन पोरं रुमाल घेऊन उभी. अशा ठिकाणी ऑफसाइड चुकणारच. हे सगळं खरं आहे. पण मी अशी मॅच बघितली आहे जिथं ऑफसाइडच्या गोलवर जिल्ह्याची फायनल गेली म्हणून पालक मैदानात घुसले, रेफरी सरांची कॉलर धरली, आणि त्याच मॅचमध्ये त्यांच्या पोरांनी पहिल्या हाफला रिकामा गोल समोर असताना चेंडू वर मारलेला, थ्रो-इन पाय उचलून टाकल्यामुळं परत परत चेंडू समोरच्यांना दिलेला. हाफटाइमला कोणी पाणी पाजून सांगितलं का त्यांना की बाबांनो थ्रो असा टाकायचा? नाही. सगळे बाहेरून रेफरीला शिव्या द्यायलेत. पोरांनी त्या दिवशी काय शिकलं, तर आपण चांगलंच खेळलो, आपल्याला खाल्लं. मग पुढच्या वर्षी थ्रो तसाच, फिनिशिंग तशीच.

मला समजतं ही सवय आपल्या मातीत का रुजते. मराठवाड्याचा माणूस अन्याय हा शब्द ऐकत मोठा होतो, आणि तो अन्याय खोटा नाही, जायकवाडीच्या पाण्यासाठी दरवर्षी भांडावं लागतं, सिंचनात, रस्त्यात, उद्योगात आपण मागं राहिलो ते काही आपल्या मनाचे खेळ नाहीत. पण तो अन्याय सिद्ध कसा झाला? १९८४ ला दांडेकर समितीनं जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे काढून अनुशेष कागदावर मांडला तेव्हा त्याला वजन आलं. नुसतं ओरडून आलं नाही. तर फुटबॉलमध्ये पण तेच करा. रेफरीनं खरंच मोठी चूक केली असेल तर व्हिडिओ काढा, स्पर्धेच्या नियमानं लेखी प्रोटेस्ट द्या, तोच माणूस सारखा चुकत असेल तर असोसिएशनला पत्र द्या. आणि त्याच व्हिडिओत आपले गोल कसे गेले ते पण पोरांना बसवून दाखवा. एक मोबाईल स्टँडवर लावला तर दोन्ही कामं होतात.

हरल्यावर काय करायचं याचं सगळ्यात ताजं उदाहरण अर्जेंटिनाचं आहे. २०२२ ला पहिल्याच मॅचमध्ये सौदीकडून १-२ हरले, ३६ मॅच न हरलेली टीम. पहिल्या हाफला त्यांचे तीन गोल ऑफसाइडमध्ये गेले. तीन! आपल्याकडं एवढ्यावर दंगल झाली असती. पण ते निर्णय बरोबर होते, सौदीनं बॅकलाइन मुद्दाम एवढी वर ठेवली होती आणि अर्जेंटिनाचे फॉरवर्ड परत परत त्याच सापळ्यात गेले. कोच स्कालोनीनं पुढच्या मॅचपासून टीम बदलली, तिसऱ्या मॅचपर्यंत एन्झो फर्नांडिस, मॅक अ‍ॅलिस्टर, हुलियन अल्वारेझ ही नवी पोरं सुरुवातीपासून खेळायला लागली, आणि कप घरी नेला.

आणि लांब कशाला जायचं, भारताचे जुने कोच सय्यद अब्दुल रहीम आपल्या हैदराबादचे. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, त्यामुळं मी त्यांना आपलाच मानतो. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस टीमनं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप मारला. १९६२ च्या जकार्ता आशियाडमध्ये भारत पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. त्यात राजकारणामुळं तिथलं पब्लिक भारतावर चिडलेलं, अख्खं स्टेडियम विरोधात. तक्रारीला कारणं पाहिजे तेवढी होती. रहीम साहेबांनी काय केलं, तर डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला, जो बॅकचा खेळाडू, त्याला उचलून पुढं फॉरवर्डला खेळवलं. त्याच कोरियाविरुद्ध फायनल, पी. के. बॅनर्जींचा एक गोल, जर्नैलचा एक, २-१, गोल्ड मेडल. त्यानंतर आजपर्यंत आशियाडचं फुटबॉल गोल्ड आपल्याला मिळालेलं नाही.

शेवटचा मुद्दा रेफरींचा, आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळचा. आपल्या भागात रेफरी खराब आहेत अशी ओरड करणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, चांगला रेफरी यायचा कुठून? जो पोरगा बारावीपर्यंत खेळला, नियम ज्याला कळतात, तो शिट्टी हातात का घेईल? मानधन किरकोळ, उन्हात दिवसभर पळायचं, आणि शेवटी आई-बहिणीवरून शिव्या, कधी धक्काबुक्की. मग उरतात ते सर, ज्यांना ड्युटी लागली म्हणून ते उभे राहतात. आपणच रेफरी पळवून लावायचे आणि आपणच म्हणायचं चांगले रेफरी नाहीत, हे किती वर्ष चालवायचं? शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, त्याच्या आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयानं आणि जिल्ह्याच्या फुटबॉल असोसिएशननं मिळून दोन-तीन दिवसांचं रेफरी शिबिर घ्यावं, अकरावी-बारावीतून खेळ सुटलेल्या पोरांना आणि पोरींना बोलवावं, निदान लाइनवर उभं राहायला शिकवावं. मॅचला त्यांना ठरलेलं मानधन त्याच दिवशी हातात द्यावं. आणि जी शाळा मैदानात घुसेल तिची टीम पुढच्या वर्षी खेळणार नाही हे स्पर्धेच्या पत्रकावर आधीच छापावं. या उन्हाळ्यात एका जिल्ह्यानं जरी हे केलं तर मी स्वतः तिथं यायला तयार आहे, शिबिराला चेंडू आणि पाणी लागेल ते आम्ही मित्र मिळून बघू.